विहिरीचं माप

सारजाबाई तिसरीपर्यंत शिकली होती. अक्षरं पुढं विसरली, पण आकडे राहिले, कारण मेंढरं रोज मोजावी लागत. करमाडच्या पुढं, मोठ्या रस्त्यापासून आत तीन किलोमीटरवर जांभळवाडी हे तिचं सासर. नवरा कारभारी मेंढ्या राखायचा. धाकटा दीर रामहरी याची ओढ्याकाठी शेती होती आणि तीत मोसंबीची एकशे चाळीस झाडं.

गावाला पाणी पुरवणारी विहीर त्याच ओढ्याला लागून, साठ फूट खोल. भूजल खात्याचा एक माणूस येऊन ग्रामपंचायतीला वजन लावलेला लांब टेप देऊन गेला होता. दर आठवड्याला पाणी किती खोल आहे ते मोजायचं आणि लिहून ठेवायचं. पहिले दोन महिने शिपायानं आकडे लिहिले, तेही खुर्चीत बसून. सारजाबाई रोज सकाळी विहिरीजवळच्या हौदावर मेंढ्या पाजायला यायची. सरपंच मोतीराम एकदा तिला सहज म्हणाला, "सारजाकाकू, तुमी रोज इथं येताच, तर हे टेपाचं काम तुमीच करा." तिनं टेप घेतला. दर शुक्रवारी ती टेप सोडायची आणि मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर कोळशानं आकडा लिहायची. बायका हसायच्या. "काकू, विहिरीला ताप आला का मोजायला?" द्वारकाबाई विचारायची. सारजाबाई पण हसायची आणि पुढचा आकडा लिहायची.

दोन हजार अठरा साली पोळ्यानंतर पाऊस आलाच नाही. सप्टेंबरात पाणी अठ्ठावीस फुटांवर होतं. डिसेंबर संपताना तेहतीसवर गेलं. आठवड्याला फार तर अर्धा फूट. उन्हाळा कसाबसा निघेल असा तिचा अंदाज होता. जानेवारीच्या दुसऱ्या शुक्रवारी टेप सदतीसवर ओला झाला. आपलंच चुकलं असं वाटून तिनं दोनदा मोजलं. पुढच्या शुक्रवारी एकेचाळीस.

आता ती रोज दोनदा मोजायला लागली. त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसा होती. सकाळी असलेलं पाणी संध्याकाळी तीन फूट खाली जायचं आणि दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत अडीच फूट वर यायचं. एक दिवस शेतीच्या तारा तुटल्या, दिवसभर लाईट नव्हती. त्या दिवशी पाणी जागचं हललं नाही. गावाची मोटार तर नेहमीसारखी तासभरच चालत होती, तिची तार वेगळी. म्हणजे जवळपास कुणाची तरी मोटार विहिरीचं पाणी ओढत होती.

दुसऱ्या दिवशी मेंढ्या कारभारीबरोबर पुढं लावून ती ओढ्याच्या कडेनं वर चालत गेली. दोनशे पावलांवर रामहरीचं शेत. त्यानं दिवाळीत तिथं चारशे फूट बोअर मारली होती ते तिला ठाऊक होतं. एवढ्या खोलचं पाणी वेगळं असतं असं तो म्हणाला होता आणि तिनंही ते खरं मानलं होतं. मोसंबीच्या मागच्या बाजूला टँकर उभा होता. बोअरचा पाईप त्याच्या तोंडात. बाजूला टँकरच्या चाकांनी पडलेली खोल चाकोरी होती. एकदोन खेपांत अशी चाकोरी पडत नाही. शहरालगत, शेंद्र्याच्या बाजूला मोठी प्लॉटिंग चालली होती, हे पाणी तिथल्या बांधकामाला जात होतं.

रामहरी बांधावर बसला होता. तिला पाहून उठला.

"वैनी, आज इकडं?"

"भावजी, हे पाणी कधीपासून चाललंय?"

"पंधरा दिवस झाले. काहून?"

"विहीर पंधरा दिवसांत आठ फूट खाली गेली. महिन्याभरात तळ दिसंल."

"विहिरीचं मला काय सांगता? बोअर मह्या रानात हाये, चारशे फूट."

"तुमची मोटार बंद राहिली की विहीर उतरत नाय. म्या मोजलंय."

रामहरीनं टँकरच्या तोंडातला पाईप नीट केला. मग म्हणाला, "सगळेच काढायलेत पाणी, वैनी. म्या एकट्यानं बंद केलं तर शहर वाढायचं थांबणार हाये का?"

"शहराचं मला काय कळतं? मोसंबीला पाणी द्या, नाय कोण म्हणतंय? टँकर तेवढा बंद करा, पावसापर्यंत."

"बघतो," तो म्हणाला. पण दुसऱ्या दिवशीही टँकर भरला आणि तिसऱ्या दिवशीही. शुक्रवारी टेप चव्वेचाळीसवर ओला झाला.

दुसऱ्याच दिवशी सव्वीस जानेवारी. शाळेत झेंडावंदन झाल्यावर पटांगणातच ग्रामसभा बसली. सारजाबाई सभेला यायची ती बायकांच्या घोळक्यात मागं बसायला. त्या दिवशी ती उभी राहिली. सप्टेंबरपासूनचे सगळे आकडे तिनं तोंडपाठ सांगितले. चव्वेचाळीसपर्यंत आली तेव्हा हसणाऱ्या बायकाही मान खाली घालून ऐकत होत्या.

"कुणाची बोअर हाये ही?" मागून कुणीतरी विचारलं.

सारजाबाईनं आधी ठरवलं होतं, की आपण आकडे सांगायचे, नाव गावानं शोधावं. पण तिला समोर रामहरी दिसला, शेजारी कारभारी दिसला. नाव न घेता बसलं तर उद्या लोक दुसऱ्याच कुणावर जातील, हे तिच्या ध्यानात आलं.

"आमच्याच घरातली," ती म्हणाली. "रामहरी भावजीची. पण सभेनं झाडं मारू नयेत. टँकर बंद करावा, मोसंबीला दोन दिवसांआड एक तास मोटार चालू द्यावी. तेवढ्यानं विहीर उतरती का नाय, ते म्या रोज मोजीन."

ग्रामसेवकानं सांगितलं, की पिण्याच्या विहिरीपासून अर्ध्या किलोमीटरच्या आतला उपसा टंचाईत बंद करायचा अधिकार सरकारला आहे, तहसीलला कळवलं तर बोअरला सरळ सील लागेल. मोतीरामनं रामहरीकडं पाहिलं. "काकू म्हणतात तसं करायचं का तहसीलला कागद पाठवायचा?"

रामहरी उठला. "मला कुणाची भीक नको," एवढं बोलून तो निघून गेला. त्याच दुपारी त्यानं बोअरमधली मोटार वर काढून ठेवली. ना टँकरला पाणी, ना झाडांना.

घरी भाकरी खाऊन झाल्यावर कारभारी म्हणाला, "सख्ख्या भावाला गावापुढं उघडं पाडलंस, सारजे."

"मग काय करायचं होतं?"

"मला आधी सांगायचं. म्या समजावलं असतं."

तिनं खरंच त्याला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो थांब म्हणाला असता आणि ती थांबली असती, हे तिला माहीत होतं. दोन दिवसांनी कारभारी मेंढ्या घेऊन देवगाव रंगारीकडं गेला. उसाच्या रानात मेंढ्या बसवायला तो दर वर्षी जायचाच. या वर्षी तो पंधरा दिवस आधी निघाला आणि जाताना तिच्याशी बोलला नाही.

विहिरीचं पाणी आठवड्यात अडीच फूट वर आलं. तिला आनंद झाला, पण तो सांगायला घरात कुणी नव्हतं. शेजारच्या गावांत फेब्रुवारीतच सरकारी टँकर सुरू झाले. जांभळवाडीची विहीर मात्र चालत राहिली.

मोसंबीची पानं मार्चमध्ये वळायला लागली. सारजाबाई येता-जाता बघायची. एका सकाळी तिनं रिकाम्या वाड्यातलं मेंढ्यांच्या पायाखालचं चिपाड, वाळकं गवत आणि लेंड्या एका जुन्या लुगड्यात बांधल्या, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि रामहरीच्या शेतात गेली. रामहरीची बायको दिपाली एकटीच तिथं होती. सारजाबाईनं तिला काही विचारलं नाही. पहिल्या झाडाच्या आळ्यात तिनं ते सगळं जाड पसरलं, म्हणजे जमिनीतली ओल उडणार नाही. दिपालीही तिच्या शेजारी वाकली. नंतर दिपालीनं हौदाच्या कडेला सांडलेलं पाणी आणि घरची भांडी धुतलेलं पाणी घागरीनं आणून रोज आठदहा झाडांना घालायला सुरुवात केली. बारा दिवस दोघी जणी हे करत होत्या. सारजाबाईची पाठ धरली, तरी ती येत राहिली.

तेराव्या दिवशी त्या शेतात गेल्या तेव्हा रामहरी मोटार बोअरमध्ये सोडत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"किती वेळ चालवू?" त्यानं विचारलं.

"एक तास. दोन दिवसांआड," सारजाबाई म्हणाली.

"आन् विहीर उतरली तर?"

"तर म्या येऊन सांगीन."

विहीर उतरली, पण हळूहळू, नेहमीच्या उन्हाळ्यासारखी. मेच्या शेवटच्या आठवड्यात तळ दिसला आणि पहिला टँकर गावात आला. पुढं पाऊस पडला, म्हणून पंधरवड्याच्या वर तो लागला नाही. मोसंबीची अठ्ठावन्न झाडं मेली. रामहरीनं ती तोडली तेव्हा सारजाबाई तिथं गेली नाही. कारभारी मेंढ्या घेऊन परतला तेव्हा त्यानं बांधावर पडलेली झाडं मोजली आणि मग उभी असलेली. घरी येऊन त्यानं चहा मागितला, आणि पीत पीत विहिरीला आता पाणी किती आहे ते विचारलं.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात पलीकडच्या गावचा पुंडलिक मोतीरामकडं आला. त्यांच्या विहिरीभोवती प्लॉटवाल्यांनी चार बोअरी मारल्या होत्या आणि पाणी झपाट्यानं उतरत होतं. मोजायचं कसं, ते दाखवायला सारजाबाईला पाठवा, असं त्याचं म्हणणं होतं. सकाळी ती निघाली तेव्हा दारात मोटारसायकल उभी होती, वर रामहरी.

"बसा वैनी. पायी किती चालाल?"

विहिरीवर वीसपंचवीस माणसं जमली होती. सारजाबाईनं टेप सोडून दाखवला, कधी मोजायचं, लाईट असताना आणि नसताना काय बघायचं ते सांगितलं. एक म्हातारा शंका काढत राहिला. बोअरचं पाणी खोल असतं, विहिरीचं वरचं, त्याचा याच्याशी काय संबंध? सारजाबाई सांगायला लागली, पण तिला शब्द जमेनात.

रामहरी मागं गाडीला टेकून उभा होता. तो पुढं आला.

"संबंध हाये, बाबा," तो म्हणाला. "म्या पण असंच म्हणायचो. आमच्या गावची विहीर उतरत होती, ती मह्या बोअरनं. ह्या मह्या वैनी. ह्यांनीच मला भर सभेत सांगितलं."

म्हाताऱ्यानं टेप आपल्या हातात घेतला आणि वजन विहिरीत सोडलं.