तोंड पाहिल्याशिवाय

“...आणि गाझियाबादचे आपले बंधू शांतवन पाटोळे. प्रभू, त्यांना लवकर बरं कर, आणि पुन्हा आमच्यामध्ये आणून बसव.”

“आमेन,” मंडळी म्हणाली. मीही म्हणाले. तोंडाला जन्माची सवय, ते काय मला विचारून बोलतंय? म्हणून झालं आणि मग अंगावर सर्रकन काटा आला. शांतवन पाटोळे म्हणजे माझा नवरा. त्यांना आम्ही जूनमध्येच मातीत ठेवलं होतं, आणि आता सप्टेंबर चालू होता.

पहाडगंजच्या त्या चर्चमध्ये सकाळी हिंदीतून उपासना होते. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी ते आम्हा मराठी लोकांना मिळतं. मी मुद्दाम उशिरा येऊन शेवटच्या बाकावर बसले होते. भांडायलाच आले होते, खोटं कशाला सांगू! गाझियाबादहून बस बदलत येताना एकेक वाक्य घोटून ठेवलं होतं. उपासना संपली की पाळकांसमोर उभी राहीन आणि म्हणेन, जो माणूस तुमच्या प्रत्येकाच्या उशाशी येऊन बसला, त्याच्या मातीला तुमच्यातलं कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. लाज वाटू द्या थोडी. आणि मग म्हणेन, आता निदान एकदा त्यांचं नाव घेऊन आपल्या भाषेत प्रार्थना करा. तेवढी एकच गोष्ट मला हवी होती. आणि इथे तर नाव घेतलं जात होतं, दर महिन्याला घेतलं जात होतं, पण आजाऱ्यांमध्ये.

आमचे हे काही मोठे गृहस्थ नव्हते. नगर जिल्ह्यातून तरुणपणी दिल्लीला आले, एका सरकारी खात्यात टपाल रजिस्टरात चढवायला लागले आणि टपाल चढवतच रिटायर झाले. साहेबाला नाव आठवायचं नाही यांचं. पण मंडळीत यांना मान होता, तो एका कामामुळे. उपासनेत आजाऱ्यांची नावं घेऊन प्रार्थना करायची, हे काम यांच्याकडे. आता त्यात काय एवढं, कोणीही करील. पण यांचा एक नियम होता. ज्याचं तोंड पाहिलं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही.

त्यामुळे उपासनेच्या आधीचा शनिवार आमच्या घरात कधी नसायचाच. हाफ-डे संपला की हे पिशवीत चार मोसंबी टाकून निघाले. शाहदरा, करोलबाग, कुठे कुठे. बसच्या दांड्याला लोंबकळत जायचे. आजाऱ्याच्या उशाशी बसून आधी विचारायचे, “काय खाल्लं? झोप लागली का?” प्रार्थना नंतर. मी म्हणायचे, “अहो, डॉक्टर व्हायचं राहून गेलं तुमचं. एखाद्या शनिवारी मला कुतुबमिनार तरी दाखवा.” हे हसायचे. “तो कुठे आजारी आहे?”

एकदा शाहदऱ्याच्या एका म्हाताऱ्या बाईंकडे जाताना बस बंद पडली, पोचता आलं नाही. दुसऱ्या दिवशी यांनी त्यांचं नाव घेतलंच नाही. त्यांचा मुलगा फणकारला, “आमच्या आईनं काय घोडं मारलंय?” हे म्हणाले, “अरे, मी बघितलंच नाही त्यांना. देव विचारील, कशी आहे रे ती? तर मी काय सांगू, बस बंद पडली?” आणि उपासनेनंतर, न जेवता, त्या मुलाच्याच स्कूटरवर मागे बसून शाहदऱ्याला गेले. असलं खुळ्यासारखं वागणं. मी चिडायचे. आज वाटतं, त्या खुळेपणावर आमची मंडळी उभी होती.

आम्हाला मूलबाळ नाही. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये नगर-जालन्याकडचा कोणी ना कोणी खाटेवर असायचाच. नोकरीला आलेला, परीक्षेला आलेला, एम्समध्ये दाखवायला आणलेला. तीच आमची मुलं. मग दिवस पालटले. ज्याच्या त्याच्या पोरांना कंपन्यांत नोकऱ्या लागल्या, दारात मारुती आली, कोणी नोएडाला फ्लॅट घेतला, कोणी गुडगावला, कोणी फरिदाबादला. चांगलंच झालं, मी कशाला कुणाच्या सुखाला नजर लावू? पण दिल्ली फुगत गेली आणि आमची मंडळी पातळ होत गेली. आम्हीही क्वार्टर सोडून गाझियाबादच्या नव्या वसाहतीत चौथ्या मजल्यावर गेलो. लिफ्टचा खड्डा होता, लिफ्ट नव्हती. तिथून यांना जाणं झेपेना. आजाऱ्यांच्या प्रार्थनेचं काम यांनी आमच्या डोळ्यांसमोर वाढलेल्या राजीवकडे सोपवलं; आज समोर उभा राहून नावं घेत होता तो हाच.

मार्चमध्ये यांच्या पोटाचं दुखणं उघडं पडलं. मी राजीवला फोन करून कळवलं. हे रोज दुपारी गॅलरीकडे तोंड करून पडायचे. जिन्यात पावलं वाजली की म्हणायचे, “शुभदा, बघ गं, आपल्यातलं कोणी असेल.” मी दार उघडायचे. गॅसवाला असायचा, नाहीतर समोरची अन्नम्मा. ही मल्याळी नर्स, ड्यूटीवरून येऊन यांना इंजेक्शन द्यायची. “लांब आहे गं,” हे म्हणायचे. “बस तरी कुठे धड मिळते?” शेवटपर्यंत बसलाच दोष दिला त्यांनी, माणसाला नाही.

गेले त्या दिवशी ऊन आग पाखडत होतं वरून. वीज गेलेली. मी बूथवर जाऊन पाळकांच्या घरी फोन लावला, कोणी उचलेना. राजीवकडेही तेच. चर्चमध्ये लावला तर कोणीतरी म्हणालं, “अच्छा, बता देंगे.” यांच्याभोवती रचलेल्या बर्फाच्या लाद्या वितळत होत्या, किती थांबणार? संध्याकाळी अन्नम्माच्या चर्चचे लोक आले. त्यांनीच पेटी आणली, त्यांच्याच कबरस्तानात जागा दिली. यांचं तोंड कधी न पाहिलेल्या बायका मल्याळीतून गात होत्या आणि रडत होत्या. मला एक शब्द कळत नव्हता. माझ्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. मी सारखी फाटकाकडे बघत होते, आपल्यातलं कोणी येतंय का. नंतरही ना कोणी आलं, ना चिठ्ठी ना चपाटी. आता बोला.

उपासना संपली. आवारात चहा सुरू झाला आणि राजीव धावतच माझ्याकडे आला. चाळिशीचा झाला असेल, कमरेला मोबाइल, पण चेहरा अजून आर. के. पुरमच्या ब्लॉकमध्ये क्रिकेट खेळणाऱ्या पोराचाच.

“सलाम काकू! कितने दिनों बाद! काका कसे आहेत? आम्ही दर वेळी नाव घेतो हं त्यांचं. एकदा पण मिस नाही केलं.”

इतक्या अभिमानानं म्हणाला की माझं घोटलेलं भाषण राहूनच गेलं. मी एवढंच विचारलं, “तू कधी येऊन बघितलंस का रे त्यांना?”

त्याचा चेहरा उतरला. “सच सांगू काकू? दर संडेला ठरवतो. गुडगावहून गाझियाबाद म्हणजे पूरा दिवस जातो. मग मुलांचं काहीतरी निघतं...” मग एकदम म्हणाला, “चलो, आज जाऊ. आत्ताच. गाडी आहे. काकांना बघून येतो.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण माझ्या आत काहीतरी कडू उसळलं. बघायचंय ना? ये म्हटलं. बघच.

“चल,” मी म्हणाले.

गाडीत एसी होता, थंडगार. यमुनेचा पूल मागे पडला. मग विचारलं, “जूनमध्ये कुठे होता रे तुम्ही सगळे?”

“गावी. मी नगरला, पाळकसाहेब पण तिकडेच. मराठी उपासना तर मे-जून बंदच असते ना काकू, तुम्हाला माहीतच आहे. का?”

“कोणी काही निरोप दिला नाही तुम्हाला? चर्चवाल्यांनी?”

“नाही बा. कसला निरोप?”

मी खिडकीबाहेर बघत बसले. तीन महिने मी ज्या रागाला धरून उभी होते, त्याच्या पायाखालचं फळकूटच कोणी काढून घेतलं. या लोकांना काही माहीतच नव्हतं. म्हणून सगळं माफ होतं का? तेही नाही. पण आता हे पोर यांच्यासमोर नेऊन उभं करायचं म्हणजे पाप वाटायला लागलं. सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानं गाडी बाजूला घेतली. मोसंबीची हातगाडी होती.

“काकू, मला टायफॉइड झाला होता ना, लहानपणी? काका रोज यायचे. मोसंबी सोलून एकेक फोड तोंडात घालायचे. आईचं ऐकायचो नाही मी, त्यांचं ऐकायचो.” उतरता उतरता म्हणाला, “काकांना चालतात ना मोसंबी?”

“चालतात,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

मोहननगरच्या पुढे मी त्याला डावीकडे वळायला सांगितलं.

“काकू, सोसायटी तर सरळ आहे ना? पत्ता आहे माझ्याकडे.”

“डावीकडे घे राजीव.”

रस्ता कच्चा होता. लोखंडी फाटक आलं, वर क्रूस. त्यानं गाडी बंद केली. हात स्टिअरिंगवरच राहिले.

“कधी?” त्यानं विचारलं.

“जूनमध्ये.”

“आणि मी आज... आत्ता... बरं कर म्हणालो.”

“तुला माहीत नव्हतं रे.” मी भांडायला गेलेली बाई, मीच त्याची समजूत घालत होते. नशीब म्हणतात ते हे.

“माहीत नव्हतं, तेच तर ना काकू,” तो म्हणाला. “काका असते तर त्यांना माहीत असतं.”

त्याचं बरोबर होतं.

आम्ही आत गेलो. पावसानं गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. यांच्या कबरेवर अजून दगड बसवलेला नाही, लाकडाचा क्रूस आहे. त्यावर अन्नम्माच्या लोकांनी मायेनं नाव रंगवलंय, पण त्यांच्या लिपीत. गोल गोल अक्षरं. माझ्या नवऱ्याचं नाव मला वाचता येत नाही.

“अहो,” मी म्हणाले, “बघायला आलंय हो. आपल्यातलं आहे.”

राजीव मोसंबीची पिशवी धरून तसाच उभा होता. मग गवत बाजूला करून खाली बसला, अगदी उशाशी. पँटीला चिखल लागला, त्याचं त्याला भान नव्हतं.

“प्रार्थना करू काकू? पण ही... दफनाची वाली... मला मराठीत येत नाही.”

“येईल तशी कर. पण मराठीत कर. मातीच्या वेळी त्यांच्या कानावर आपला एक शब्द पडलेला नाही.”

त्यानं डोळे मिटले. “प्रभू, हे आमचे शांतवनकाका. मी त्यांना बघायला आलोय. लेट आलो. माझ्या बीमारीत ते रोज यायचे, आणि मी... मी फक्त नाव घेत राहिलो.” तो अडखळला, शब्द शोधत राहिला. “त्यांनी काय खाल्लं, झोप लागली का, मी काहीच विचारलं नाही. आता तू विचार. त्यांना नीट ठेव. आणि काकूंना पण.”

पाळकसाहेबांच्या केवढ्या मोठमोठ्या प्रार्थना मी ऐकल्या आहेत, पण कधी पाझरले नाही. या मोडक्यातोडक्या बोलण्यानं मात्र माझा बांध फुटला. जूनपासून अडलेलं सगळं बाहेर आलं. मी क्रूसाला धरून ओक्साबोक्शी रडले, अगदी लाज सोडून. “आमेन” म्हणायला मला बराच वेळ लागला. पण या वेळी मी ते तोंडावर सोडलं नाही, मी स्वतः म्हणाले.

ऊन उतरायला लागलं. राजीव उठेना. म्हणाला, “पुढच्या महिन्याची नावं आहेत काकू. शाहदऱ्याला एक आहेत, फरिदाबादला एक. एकालाही मी पाहिलेलं नाही.”

“मग बघून ये,” मी म्हणाले. “आणि मलाही घेऊन जा. घरी बसून मी काय करतेय?”

मग मी त्याच्या हातातली पिशवी घेतली. मोसंबी सोलली, अर्धी त्याच्या तळहातावर ठेवली. तो नको नको म्हणायला लागला.

“खा,” मी म्हणाले. “आमच्याकडे आलेला माणूस काही न खाता गेलेला यांना चालायचं नाही.”

दोघं तिथे बसून फोडी खात राहिलो. मोसंबी जरा आंबट होती. बिया टाकायला हात मागे गेला, पण तिथे टाकवेना. मी पदर पुढे केला, राजीवनं आपल्याही बिया त्यात टाकल्या, आणि मी पदराला गाठ मारली.