सरांनी मान हलवली

मी कानातलं मशीन बोलतोय. दुकानात माझं नाव श्रवणयंत्र होतं, पण घरात त्या नावानं मला कुणी हाक मारत नाही. “मशीन लावलंत का?” एवढीच माझी ओळख. बोलणं हा खरं तर माझा धंदा नव्हे. इकडचा शब्द तिकडे पोचवायचा, मध्ये आपली अक्कल चालवायची नाही, हे माझं काम. पण मागे एका सकाळी या घरात जे झालं, ते दोन्ही बाजूंनी मला एकट्यालाच ठाऊक आहे. मी ते नीट सांगू शकेन की नाही, अशी शंका येते. ज्यांच्या कानात राहतो, त्यांचाच गुण लागला असणार.

माझा जन्म एका थंड, पांढऱ्या खोलीत झाला. डोक्याला टोप्या घातलेल्या बायकांनी चिमट्यांनी माझे अवयव जोडले. पुढे एका दवाखान्यात सरांच्या डाव्या कानात मऊ लगदा भरून साचा घेतला आणि त्या साच्यावर मला बेतलं. सरांनी तिथे एकच प्रश्न विचारला होता, “बाहेरून दिसणार नाही ना?” ऐकू येईल का, हे त्यांनी विचारलंच नाही.

सर म्हणजे संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. आयुष्यभर त्यांनी मुलांना शक्यता मोजायला शिकवलं आणि स्वतः मात्र छत्री न्यावी की नेऊ नये, यासाठी दारात उभे राहतात. एवढ्या शिकलेल्या माणसाला ऐकू येत नाही, ही गोष्ट त्यांना बदनामीसारखी वाटे. त्यामुळे माझे बरेच दिवस मोज्यांच्या खणात गेले. माझ्याऐवजी त्यांनी एक युक्ती काढली होती. समोरच्याचे ओठ थांबले की मान हलवायची, हसायचं आणि म्हणायचं, “हो, हो. चालेल.” या युक्तीपायी एकदा शेजाऱ्यांची मांजर महिनाभर आमच्याकडे राहायला आली होती.

त्यांच्या पत्नीला सगळे काकू म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. काकूंनी उमेदीची सगळी वर्षं शिवणाच्या मशीनवर काढली. कुणाची पँट आखूड करून दे, कुणाचा कोट कमरेत घट्ट कर. घर त्यावरही चाललं, पण त्या कामाला पेन्शन नसते. जी काही आहे ती सरांची. तरुणपणी एका विमा कंपनीकडे काढलेली ती खासगी पेन्शन आता कुठे सुरू होणार होती.

आणि नेमकं तेव्हाच ती बदलावी की ठेवावी, हा प्रश्न घरात येऊन बसला.

जुन्या पेन्शनची रक्कम ठरलेली होती. ती वाढायची नाही, घटायची नाही, आणि सर गेले तर निम्मी काकूंना मिळायची, त्या असेपर्यंत. नवी कंपनी सुरुवातीलाच जास्त देणार होती, शिवाय दरवर्षी थोडी वाढ. तिच्या माहितीपत्रकात ‘जोडीदारासाठीही सोय’ असं छापलं होतं. पण एकदा इकडून तिकडे गेलं की परतीचा रस्ता बंद. महिनाअखेरपर्यंत ठरवायचं होतं.

दूरच्या शहरात नोकरी करणारी लेक फोनवर म्हणाली, “बाबा, किती घोळ घालताय! दहा वर्षांनी त्या जुन्या रकमेत तुमची औषधंसुद्धा येणार नाहीत. बदलून टाका.”

“तुझं बरोबर आहे,” सर म्हणाले. फोन ठेवला आणि मला म्हणाले, म्हणजे स्वतःलाच म्हणाले, “पण कंपनी बुडाली तर?”

मग कागदांवर रकाने सुरू झाले. वर ‘मी’ आणि ‘ती’ अशी दोन डोकी आणि खाली दोघांची वर्षं. आधी कोण जाणार, याचं गणित होतं ते. काकू खोलीत आल्या की सर त्यावर वर्तमानपत्र ओढत.

“झाकताय काय? परीक्षेचा पेपर आहे का?” काकू म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “तुमच्या गणितात मी कधी जाते?”

मी प्रश्न चोख पोचवला होता. त्यातला ‘मी’सुद्धा.

“ऐकू आलं नाही,” सर म्हणाले.

काकू निघून गेल्या. त्या दिवसापासून घरातली भांडी जरा जास्त आवाज करू लागली.

मग नव्या कंपनीचा सल्लागार यायचा दिवस उजाडला. सकाळी काकूंनी बजावलं, “मशीनची बॅटरी बदला. कधीपासून तीच आहे.”

“आहे, आहे तिच्यात जीव,” सर म्हणाले.

नव्हता. मला कळत होतं. माझी बॅटरी शर्टाच्या बटणाहून लहान, पण ती संपत आली की मला शब्द उचलवत नाहीत.

सल्लागार आला. तरुण, अदबशीर. आवाज मात्र पायाखालच्या गालिच्यासारखा, जाणवेल न जाणवेल असा. सर त्याच्यासमोर बसले, कागद मांडले, पेनचं टोपण काढलं. काकू चहा घेऊन आल्या आणि बाजूला उभ्या राहिल्या. तो एकेक कलम समजावत होता, सर खरंच ऐकत होते, आणि मी उरलासुरला जीव एकवटून शब्द ओढत होतो. मग मी दोनदा टूं टूं केलं. ती माझी शेवटची सूचना असते. ती ऐकून सरांच्या कपाळावर आठी आली. उठून बॅटरी बदलायची, म्हणजे या पोराला सगळं दिसणार. ते उठले नाहीत.

मी गप्प झालो.

लोकांना वाटतं, बॅटरी संपली की मशीन बहिरं होतं. तसं नसतं. ऐकू येतं, पोचवता येत नाही. त्याच वेळी सल्लागार म्हणाला, “सर, एक गोष्ट आहे. जोडीदाराची जी सोय आहे ना, ती तुमच्या वयाला मिळत नाही. म्हणजे ही पेन्शन तुमच्यापुरतीच राहील. चालेल ना?”

त्याचे ओठ थांबले. सरांनी मान हलवली. हसले. “हो, हो. चालेल.”

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी प्रश्नही ऐकला होता आणि उत्तरही. हातातला ट्रे तसाच राहिला. त्यांचा चेहरा रागावला नाही, रडवेलाही झाला नाही. शिवून झालेल्या कपड्याची इस्त्री बंद करावी, तसं काहीतरी त्या चेहऱ्यावर बंद झालं. मी त्या कानात ओरडत होतो, म्हणजे ओरडायचा प्रयत्न करत होतो. काकू, त्यांनी ऐकलेलं नाही! पण माझ्यात आवाज कुठे होता?

“मग इथे सही करा,” सल्लागारानं बोट ठेवलं. पेन कागदावर टेकलं आणि शाईचा एक ठिपका उमटला.

काकू दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. नेहमीच्या आवाजात, अगदी भाजीचा भाव सांगावा तशा म्हणाल्या, “मग मी आजच माहेरी जाते. कायमची.”

सल्लागार दचकून त्यांच्याकडे पाहू लागला. त्याची नजर पाहून सरांनीही मान वर केली. काकूंचे ओठ थांबलेले होते. सर प्रसन्न हसले.

“हो, हो. चालेल.”

मग काकूंनी ट्रे धाडकन टेबलावर ठेवला, तरातरा येऊन सरांच्या हातातलं पेन काढून घेतलं, मला कानातून उपटलं आणि स्वतःच्या कानाशी धरलं.

“मेलंय हे!” त्या म्हणाल्या. आणि हसता हसता खुर्चीवर बसल्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, तो हसण्यामुळेच की काय, मला सांगता येणार नाही.

नवी बॅटरी त्यांनीच घातली. मी पुन्हा कानात गेलो. सर पाहुण्यासमोर लाल झाले होते. पेनचं टोपण फिरवत त्यांनी ते वाक्य उच्चारलं, जे इतक्या वर्षांत परक्यासमोर मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

“मला मघाशी ऐकू आलं नव्हतं. पुन्हा सांगा.”

बिचारा सल्लागार इतका घाबरला होता, की आता गरज नसताना ओरडला. ओरडताना माणसाला मऊ शब्द वापरता येत नाहीत. “सर! तुम्ही गेल्यावर काकूंना काहीही मिळणार नाही!”

माझे कान किटले. खाली रस्त्यावरून जाणाऱ्यांनीही ऐकलं असेल.

सर काकूंकडे वळले. “याला मी काय म्हणालो होतो?”

“चालेल म्हणालात. दोन्हीला.”

सरांनी काकूंकडून पेन घेऊन त्याला टोपण लावलं. “जुनी आहे तीच राहू दे,” ते सल्लागाराला म्हणाले. त्यानंही ताणून धरलं नाही. चहा पिऊन, दोघांना नमस्कार करून तो गेला.

गोष्ट इथे संपायला हवी, पण सरांची कुठलीच गोष्ट अशी संपत नाही. दुपारी लेकीचा फोन आला, ती चिडली. “आईची सोय आपण वेगळी केली असती ना!” तिचंही खोटं नव्हतं. सर खिडकीशी उभे राहून पुन्हा हिशेब करू लागले. महागाई वाढेल, ही रक्कम वाढणार नाही. आपण दोघांनीही नव्वदी गाठली तर? मलाही ठाऊक नाही. मी शब्द पोचवतो, पुढची वर्षं नाही.

“मी चुकलो नाही ना गं?” त्यांनी विचारलं.

काकू सुईत दोरा ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “चुकला असाल तर दोघं मिळून काटकसर करू. ती आपल्याला येते.”

आता मी खणात नसतो. उठल्यापासून कानात असतो आणि सुट्या बॅटऱ्या टेबलावर चारचौघांत पडलेल्या असतात. वाचकहो, तुमच्याही घरात माझा एखादा भाऊ मोज्यांमध्ये पडला असेल. त्याला बाहेर काढा. आणि मान हलवायच्या आधी एकदा विचारा, काय म्हणालात?

काकूंचं ते काटकसरीचं वाक्य मी जसंच्या तसं पोचवलं होतं. बॅटरी नवी होती, खिडकी बंद होती, खोलीत दुसरा आवाज नव्हता. तरी सर म्हणाले, “ऐकू आलं नाही. पुन्हा सांग.”

काकूंनी सुई खाली ठेवली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

“आलंय तुम्हाला ऐकू,” त्या म्हणाल्या. आणि पुन्हा सांगितलं.