बरकत, दोन, तीन

आमच्यात मेंढरं मोजताना 'एक' म्हणत नाहीत. पहिल्या मेंढीला 'बरकत' म्हणायचं, मग दोन, तीन. एक म्हटलं की कळप एकावर येतो, असं माझे वडील, आबा, मानतात. मी, धनश्री, धारूरच्या कॉलेजात बारावीला आहे, तरी तसंच मोजते. मोजणी माझ्याकडेच असते, आणि तिथंच घोडं अडलं होतं.

फेब्रुवारी लागला, डोंगरावरचा चारा संपला. दरवर्षीप्रमाणे आबा कळप घेऊन गोदावरीकाठी, गंगथडीला निघणार होते, आणि माझी परीक्षा आठ दिवसांवर आली होती. मला गावातल्या वनमालाकाकूकडे राहू द्या म्हणून मी त्यांचं डोकं खाल्लं. आबांचं एकच पालुपद. मोजणारं माणूस मागं ठेवून कळप हलत नसतो, बरकत जाते. मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोललेच नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी लखनमामा चहाला आला. तो सहा वर्षं ओमानमध्ये उंटांच्या फार्मवर पाण्याचा टँकर चालवायचा. आमचं भांडण ऐकून तो हसायलाच लागला. बरकत काय तुमच्या एकट्याची आहे का, म्हणाला. तिथला तुर्की मेकॅनिक 'बेरेकेत' म्हणायचा, झांजीबारचा आचारी 'बराका'. फार्मचा मालक म्हातारा अरब होता, त्यानं मामाला शब्दाचं मूळच सांगितलं होतं.

"उंट गुडघे टेकून बसला की ते 'बरक' म्हनतेत, दाजी. त्याच्यातूनच बरकत निघाली म्हनायचा म्हातारा. एका जागी बसती, टिकती, ती बरकत."

आबांच्या कपातला चहा तसाच निवून गेला. मी आशा सोडली आणि पुस्तकं गाठोड्यात बांधली.

सकाळी मी मेंढवाड्याच्या फाटकापाशी मोजायला उभी राहिले, तर आबांनी मला बाजूला केलं. एकही मेंढी अजून बाहेर आली नव्हती. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरकत."

मग फाटक उघडलं. पहिली मेंढी बाहेर आली, तिला ते "दोन" म्हणाले. मला रडूच फुटलं.

"रडती कावून? तू बस हितं, पेपर लिही. कळपाचं मी बगतो."

आमची मेंढरं बासष्ट. त्या दिवशी आबांची मोजणी त्रेसष्टावर थांबली, आणि त्यांनी ती दुरुस्त केली नाही.