फाटक्या पदरातून दिसलेला शीळवाला

मित्रांनो, रानडुकरं मला माणूस समजून पळतात आणि पाखरं मला झुडूप समजून जवळ येतात. खरं तर मी आहे ताम्हिणीच्या रंभाबाईंची जुनी, हिरवी नऊवारी साडी. माझ्या अंगावरचा एकेक डाग ही एकेक नोंद आहे. काठाजवळचा पिवळा डाग लेकाच्या हळदीचा. मधला पांढुरका पट्टा नातीचा, रेश्माचा. माझी झोळी करून तिला त्यात निजवत, आणि झोळीत बाळं नुसती निजतात असं थोडंच आहे!

नवी होते तेव्हा बायका माझा काठ चिमटीत धरून बघायच्या. त्या काठाकडे बघत आणि मी त्यांच्या तोंडाकडे. कौतुक कुणाचं खरं, जळफळाट कुणाचा, सगळं माझ्या खाती जमा आहे. पुढे रंग उडाला आणि माझी बदली भातखाचराच्या बांधावर झाली. आमच्याकडे डुकरांना बुजवायला जुन्या साड्या शेताभोवती बांधतात. गेल्या साली एका डुकरानं मात्र मला ओळखलं आणि पदरात सुळा घालून मुठीएवढं भोक पाडलं. मग मी गोठ्याच्या कोपऱ्यात बोळा होऊन पडले. गोगलगाय अंगावरून जायची, बुलबुल माझी सुतं ओढून न्यायचा. बाकी कुणी विचारपूस केली नाही.

यंदा श्रावणात रोज पहाटे ओढ्याकडून शीळ यायला लागली. लांबलचक, आळसावलेली, सूर न सापडलेल्या पोरानं घालावी तशी. रंभाबाईंनी लगेच निकाल दिला.

"कोन तरी टवाळ हाय. आपल्या रेश्मीसाठी घालतोय."

"अगं आजे, पाखरू हाय ते!"

"पाखरू चिवचिवतं. ह्यो गानं म्हनतोय. बास झालं कालेज, घरात बस."

बाप आईपुढे बोलेना, सून सासूपुढे. रेश्माचं पौडचं कॉलेज थांबलं. अशीच गैरहजर राहिलीस तर नाव कमी होईल, असा तिकडून निरोपही आला. झोळीपासून मी त्या पोरीला ओळखते, पण साडीची साक्ष कोण काढणार?

तिची मैत्रीण नम्रता चौकशीला आली, ती कॉलेजच्या निसर्ग मंडळाचा कॅमेरा घेऊनच. "फोटोच काढू आणि आजीच्या हातात देऊ," ती म्हणाली. पण पाखरू बुजरं, माणूस दिसला की उडायचं. आडोसा हवा म्हणून रेश्मानं मला गोठ्यातून ओढून काढलं, ओढ्याकाठी दोन बांबूंवर ताणलं आणि डुकराच्या त्या भोकातून लेन्स बाहेर काढली. ज्या भोकापायी मला फेकलं, त्याचंच काम निघालं!

पहाटेचा उजेड जेमतेम. नम्रता उजेड वाढवी तर ओढा पांढराफटक, कमी करी तर पाखरू काळंठिक्कर. त्यातला बरा फोटो आजीपुढे ठेवला.

"ह्यो कावळा हाय."

"आजी, शीळकरी कस्तूर म्हणतात त्याला. निळा असतोय."

"कुटं निळा? आन फोटूला आवाज कुटं हाय?"

रेश्मानं मोबाइलवर काढलेला व्हिडिओ लावला. त्यात शीळ होती. रंभाबाई हसल्या. "त्या डबड्यात मेलेली मानसं बी नाचत्यात. मला शिकवती व्हय?"

खरं सांगू? म्हातारीचं अगदीच चुकत नव्हतं.

"मग तूच चल," रेश्मा रडवेली होऊन म्हणाली. "तुझ्या डोळ्यांनी बघ. न्हाई दिसलं तर कालेजाचं नाव काढनार न्हाई."

माझा उरलासुरला रंग उडाला. पाखरू काय कुणाच्या शब्दात असतं?

पहिल्या पहाटे रंभाबाई माझ्याआड बसल्या आणि बोलत बसल्या. डास चावतात, गुडघा दुखतो, सून चहात आलं घालत नाही. पाखरू फिरकलंच नाही. दुसऱ्या पहाटे नम्रतानं युक्ती केली. आजीला गालात धरायला आवळकाठी दिली. गाल भरला, बोलणं थांबलं.

मग ओल्या दगडावर काहीतरी उतरलं. शेपटी पसरली, मिटली. रंभाबाईंनी डोळा भोकाला लावला. त्यांचा श्वास मला लागत होता. ढग जरा सरला आणि त्या काळ्या पाखराच्या कपाळावर, खांद्यांवर निळा रंग पेटला. चोच उघडली. शीळ आली.

नम्रता कळ दाबायचंच विसरली.

"अगं बया," आजी पुटपुटल्या. "गळा फुगतोय की त्याचा."

शीळ थांबली, पुन्हा सुरू झाली. बऱ्याच वेळानं, डोळा तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "रेश्मे, हितं काय बसलीस? जा, आवर. येष्टी चुकंल."

आता भात पोटरीला आलंय, लोंब्या फुटायच्या बेतात आहेत. परवा सून शुभांगी मला बांधावर न्यायला आली. भोक शिवायला सुईत दोरा ओवला, तोच मागून रंभाबाईंची हाक आली, "शिवू नगं! बांधावर दुसरी ने."

शिळेचा हंगाम सरला, तरी रंभाबाई सकाळी माझ्याआड येऊन बसतात. काल एक मोठं काळं-निळं फुलपाखरू माझ्या काठावर टेकलं. आजींनी मान न वळवता हळूच हाक मारली, "रेश्मे, तुझं ते डबडं आन गं. पाय वाजवू नगं."

मित्रांनो, जुनं कापड फेकण्याआधी त्याच्या भोकातून एकदा पलीकडे बघा. आणि पाखरू असो की पोरगी, तिच्यावर बोट ठेवण्याआधी जरा गप्प बसून पाहा. नाहीच जमलं, तर गालात आवळकाठी ठेवा.