मागच्या सीटखालची जाळी

मेकॅनिक बुनलोमने हायब्रिड गाडीच्या मागच्या सीटखालची जाळी उचकटली आणि झटकन तोंड फिरवलं. आतून आंबूस, गोडसर, मढ्यासारखा भपका आला.

"उंदीर मेलाय ना?" ओरवानने नाकाला रुमाल लावला.

"उंदीर परवडला असता, बाई. हा भात आहे."

तो चमच्याने खरवडून लगदा वर्तमानपत्रावर काढू लागला. हिरवीकाळी बुरशी, तिच्यात वळवळणाऱ्या अळ्या, झुरळांची अंडी. बॅटरीला गार ठेवणाऱ्या पंख्याची पातीच त्यात रुतून बसली होती. हवा मिळेना, म्हणून बॅटरी तापत होती, आणि म्हणून समोर इंजिनाचा पिवळा दिवा. सव्वीस वर्षांत बुनलोमने गाड्यांतून साप काढले होते. पण हातमोज्याच्या बोटावर चढलेली ती अळी त्याने अंग आक्रसून झटकली.

ओरवान गॅरेजच्या दाराबाहेर जाऊन दोनदा थुंकून आली.

"नऊ महिन्यांची गाडी! आई, काय केलंस हे? जनावरंसुद्धा बसल्या जागी असं करत नाहीत!"

प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली थोंगसी म्हातारी गोड हसली. मांडीवर तिची चिकट भाताची वेताची डबी होती.

"तिला काय कळतंय," ओरवान बुनलोमला म्हणाली. "मला 'मॅडम' म्हणते. घरात उशीखाली भात, चपलेत भात. हात लावला की नुसता चिकटा! मला आता जेवण जात नाही, दादा. खोन केन शहरातल्या वृद्धाश्रमात जागा मिळालीय, आज शाळेतून रजा काढलीय, दुपारी चारच्या आत पोचवायचंय. गाडी तेवढी चालती करून द्या."

"आजी तिथे राहतील?"

"तिला तिथे काय नि इथे काय."

बुनलोम पुन्हा पंख्यावर वाकला. ब्रशने पाती घासली, ओल्या फडक्याने पुसली, तरी वास हटेना. शेवटी पंखा फिरतो का पाहायला त्याने गाडी सुरू केली. पंखा घरघरला आणि जाळीच्या वरच्याच स्पीकरमधून भिक्षूचा गाता आवाज सुटला. बुद्धाच्या पूर्वजन्मीच्या कथेत राजकुमाराने आपली लेकरं दान दिली त्या अध्यायाचा, उंच चढून थरथरत खाली येणारा. बुनलोमचे हात आपोआप जुळले. मग हातमोज्यांची घाण दिसली, तसे त्याने ते खाली घेतले.

"तिच्यासाठी लावते," ओरवान म्हणाली. "नाहीतर वाटभर रडते. बंद करा ते."

तोवर म्हातारी उठून आली होती. तिने डबीतून चिमूटभर भात घेतला, बोटांत वळून चिंचोक्याएवढी गोळी केली, कपाळाला लावली आणि उघड्या भोकात, घरघरत्या पंख्यासमोर अलगद ठेवली. कडवं संपलं. तिने दुसरी गोळी वळली.

"अगं ए, आता तर साफ केलंय!" ओरवान ओरडली.

बुनलोमने वर्तमानपत्रावरच्या घाणीकडे पाहिलं. फाल्गुनातल्या उत्सवात पहाटे देवळात ह्याच राजकुमाराच्या कथेच्या हजार श्लोकांना भाताच्या अशाच हजार गोळ्या वाहतात. त्याची आईसुद्धा वाहायची.

तो उकिडवा बसला. "आजी, हे कुणाच्या नावाचं?"

"माझ्या पोरीच्या."

"कुठे असते ती?"

"शाळेत शिकवायला जाते." म्हातारीने आवाज बारीक केला. "फार दमते बिचारी. देवळात यायला तिला वेळ कुठला? तिच्या वाट्याच्या गोळ्या मीच ठेवते. ह्या मॅडम चांगल्या आहेत, रोज गाडीतून आणतात."

ओरवानचा रुमाल नाकावर तसाच होता. त्यावरचे डोळे तेवढे हलले.

बुनलोमने उठून समोर पाहिलं. तपासणीयंत्र लावून गाडीतली बिघाडाची नोंद पुसली. पिवळा दिवा गेला.

"झालं, बाई. आता निघालात तरी चारच्या आत पोचाल." त्याने जाळी उचलली. "लावू परत?"

म्हातारी पुढची गोळी वळत होती. भात हाताला चिकटून लाळेसारखा ताणला जात होता. ओरवानने ते पाहिलं, रुमाल नाकावरून खाली घेतला.

"थांबा," ती म्हणाली. "तिचं होऊ दे."

"हजार व्हायला संध्याकाळ होईल, बाई."

ओरवानने दुसरी खुर्ची ओढली.