बाबांच्या नावाची कुंडी

बारा वाजत आले होते आणि सायकलच्या बंद दुकानामागच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. भिंतीलगत चाळीस कुंड्या मांडलेल्या. प्रत्येकीत एक नाजूक रोप, त्यावर निळी फुलं आणि दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर रोग्याचं नाव. समोर खुर्चीत नीलबाबा.

"रोगाला हुकूम सोडलाय," बाबा डोळे मिटून म्हणाले. "फूल गळेल तसा रोग गळेल."

एक पाकळी सुटली. मग दुसरी. बघता बघता कुंड्यांखाली निळा सडा पडला आणि चांगली शहाणीसुरती माणसं रडू लागली.

रोपवाटिकेची मालकीण तेवढी दातओठ खात उभी होती. रोपं तिच्याच वाफ्यातली. रानजवस. महिन्यापूर्वी हाच माणूस साध्या शर्टात येऊन ती घेऊन गेला होता आणि तिनेच त्याला बजावलं होतं, "याचं फूल सकाळी उमलतं, दुपारी झडतं. पाकळ्या गळल्या म्हणून रोप परत आणायचं नाही. उद्या नवं फूल येतं." चोराच्या हाती किल्ल्या दिल्या त्या तिनेच.

"वहिनी, पाहिलंस? माझं सगळं गळालं," सातव्या कुंडीजवळून तिची नणंद म्हणाली.

"गोळ्या कुठायत तुझ्या?"

"बाबांच्या डब्यात टाकल्या, सगळे टाकतात तशा. तीन दिवस झाले."

नणंदेला फिट्स यायच्या आणि काम लाँड्रीत, इस्त्रीचं. मागे दोन दिवस गोळ्या चुकल्या, तेव्हा तापलेली इस्त्री मनगटावर पडली होती. तो डाग अजून होता. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा ही पोर आठ वर्षांची, तिच्या वेण्या वहिनीनेच घातलेल्या. घरी रात्रभर समजावून झालं. "तुला काय कळतंय त्यांच्यातलं," एवढंच उत्तर मिळालं.

सकाळी वहिनी सरळ अंगणात गेली आणि बाबांसमोर उभी राहिली.

"एका कुंडीला माझ्या नावाची चिठ्ठी बांधते. मला साधी शिंकसुद्धा येत नाही. रोगच नाही, तर फूल संध्याकाळपर्यंत राहील ना?"

बाबा गालात हसले. "बाई, तुला अहंकाराचा रोग आहे. तो आधी गळेल." लोक खुसखुसले.

"असेल बुवा. मग तुमच्या नावाची बांधू. तुम्हाला तर कसलाच रोग नाही."

बाबांचं हसू जागच्या जागी राहिलं. "गुरूची परीक्षा घेतात का कुणी?"

"परीक्षा कसली? आमच्या फुलांना गळायला सांगता, तुमच्या एकाला थांब म्हणा."

"बांधू द्या की, बाबा," मागून कुणीतरी म्हणालं. आता नाही म्हणायची सोय नव्हती. वहिनीने सर्वांदेखत चिठ्ठी बांधली आणि कुंडी मधोमध, उन्हात ठेवली.

बाबा पुटपुटत होते. सगळे त्या एका फुलाकडे बघत होते, नणंदसुद्धा. बाराच्या सुमारास बाबांच्या नावाची पाकळी सुटली, सावकाश, आणि पाठोपाठ बाकीच्या चार.

मग नणंदच म्हणाली, "म्हणजे बाबांना रोग आहे, नाहीतर फुलाला बाबांची ओळखच नाही."

"ओळख नाहीच," वहिनी म्हणाली. "जगभरचं रानजवस असंच असतं. ऊन चढलं की पाकळ्या झडतात, कुणी हुकूम सोडो न सोडो. माझ्या वाफ्यात जाऊन बघा, तिथे एकही चिठ्ठी नाही. आणि 'रोग पिऊन रोप मेलं' असं बाबा म्हणाले म्हणून तुम्ही जी रोपं टाकलीत, ती तुम्ही तांब्याने पाणी ओतल्यामुळे कुजली. याला ऊन लागतं, पाणी बेताचं. फूल गळलं तरी बाबांचा गुण, रोप मेलं तरी बाबांचाच. अशा माणसाला एकच विचारायचं: काय झालं तर तुम्ही खोटे ठराल? ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याच्या डब्यात औषध टाकू नका."

बाबा खुर्चीवरून उठले आणि डबा काखेत मारून दाराकडे निघाले. नणंद आडवी आली. "डबा ठेवून जा. त्यात माझ्या गोळ्या आहेत."

त्यांनी डबा ठेवला. तिच्यामागे आणखी माणसं रांगेत उभी राहिली. वहिनी तिला तशीच डॉक्टरांकडे घेऊन गेली.

रोपवाटिकेत आता रानजवसाच्या प्रत्येक कुंडीवर एक पाटी असते. अक्षर नणंदेचं आहे: 'याचं फूल दुपारी गळतं. रोग गळत नाही. औषध चालू ठेवा.'