दादाजींच्या जबड्यातला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. जुना म्हणजे चार दिवसांचा, पण आमच्यात तेवढ्यात केस पिकतात. कळमन्याच्या बाजारात पोती उचलणाऱ्या दादाजींच्या खालच्या जबड्यात मेंदूला दुखणं कळवणारी एक नस आहे, तिच्या पातळ भिंतीत मी बसवलेला आहे. स्वस्थ बसणं मला माहीतच नाही.

माझ्याबाहेर मिठातल्या सोडियमचे कण दाटीवाटीने उभे असतात. शेजारचा दरवाजा उघडला की भिंतीवरचा विजेचा दाब बदलतो. तो मला अंगात जाणवतो आणि मी उघडतो. कण आत घुसतात, तसा पुढच्या शेजाऱ्यालाही दाब कळतो. मी मात्र सेकंदाच्या हजाराव्या भागात बूच लावून घेतो. मागून पोटॅशियमचा संथ दरवाजा उघडून सगळं पूर्ववत करतो. असा आमचा निरोप मेंदूपर्यंत पोचतो.

मी आलो तोच दादाजींची दाढ किडलेली. निरोप देऊन देऊन माझा जीव मेटाकुटीला आला, आणि बक्षीस काय, तर शिव्या! शेवटी त्यांची मुलगी भावना त्यांना सक्करदऱ्याला दातांच्या डॉक्टर गार्गीताईंकडे घेऊन गेली. ताईंना दाढेपेक्षा गालाच्या आतला पांढरा डाग खटकला. तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडा आणि डागाची तपासणी करून घ्या, असं त्यांनी बजावलं. डाग दुखत नव्हता, म्हणून दादाजींनी ते कानाआड केलं.

मग सुई टोचली. तिच्यातलं औषध आत शिरून माझ्या वाटेतच ठाण मांडून बसलं. दाढ निघाली तरी मला पत्ता नाही. माझी नुसती तगमग झाली.

दोन तास तोंडात काही घालायचं नव्हतं. पण भावना गोळ्या आणायला गेली आणि दादाजींनी दवाखान्याच्या पायरीवरच खर्रा काढला. चघळताना खालचा ओठ दाताखाली आला. ओठाचा निरोपही माझ्याच नसेतून जातो, पण मला ओरडता येईना आणि ते चघळतच राहिले.

भावना परतली तर सदऱ्यावर रक्त.

"बाबा, तुमी आपलाच ओठ चावून राहिले."

"दुखून तर नाही राहिलं वं."

दादाजींनी ओठाला बोट लावलं आणि लाल झालेल्या त्या बोटाकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांचा हात गालावर गेला. तोंडातला खर्रा त्यांनी त्याच्याच प्लास्टिकच्या पन्नीत थुंकला.

"चाल. त्या डागाची तपासणी आजच करू."

संध्याकाळी औषध उतरलं, मी धाडकन उघडलो आणि ओठ ठणकला. या वेळी दादाजींनी मला शिवी दिली नाही.

मित्रांनो, मी ओरडलो तर ऐका. पण गालातल्या त्या डागाचा निरोप माझ्याकडे कधी आलाच नव्हता. माझ्या ओरडण्याची वाट पाहत बसू नका.